खंडेनवमीला घासलेले आफ्रिकन भाले

शंभरेक वर्षांची जुनी आफ्रिकन भाल्यांची पाती मी खंडेनवमीसाठी डिझेल आणि पॉलिश पेपर लावून लखलखीत घासली. घासताना मला फार समाधान वाटत होतं, हेही आताच सांगून टाकतो. नंतर कुणी सांगण्यापेक्षा ते बरं.

पाती माझी नव्हती, माझ्या मित्राची होती. आम्ही दोघंही नेवाशाचे आणि दोघंही निवृत्त. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो, तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. तो ख्रिस्ती, मी हिंदू, पण डॉक्टर एकच आणि साखरेची गोळीही एकच, त्यामुळे सकाळी प्रवरेच्या पुलापर्यंत फिरायला जाणं बरोबर असतं. वाटेत बोलायचं काम माझं आणि ऐकायचं त्याचं. वजनकाट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं म्हणणं काट्यावर घेऊन गप्प राहायची सवय असते.

आता, भाले ओळखायला तो माझ्याकडे का आला? तर गावात माझी ख्याती होती, जुन्या वस्तूंचा जाणकार म्हणून. ती मी कशी मिळवली, ते कुणाला कळू दिलेलं नाही. मी दाढी ठेवली, आणि कोणतीही जुनी वस्तू हातात आली की तोंड उघडण्याआधी ती उलटी करून बघायला लागलो. एवढंच. वस्तू उलटी करून बघणाऱ्या माणसावर लोकांचा फार विश्वास बसतो. शिवाय पुण्यात रद्दीवाल्याच्या फुटपाथवर मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, जगातल्या शस्त्रांचं. त्यात आफ्रिकेच्या भाल्यांची पानंच्या पानं चित्रं होती. कुठला भाला कुठला, हे शेवटच्या पानांवर दिलेलं होतं, आणि शेवटची पानं कुणीतरी आधीच नेली होती. तरी चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे मला आकार पाठ झाले. नावं मी अंदाजानं घालत असे.

एक चूक झाली होती, नाही असं नाही. एका घरच्या तांब्याच्या हंड्याला मी यादवकालीन म्हणालो होतो. त्याच्या बुडाला कारखान्याचा शिक्का निघाला. पण त्या दिवशी हंड्यात पाणी होतं, म्हणून मला तो उलटा करता आला नव्हता.

मित्राच्या आजोबांची गोष्ट अशी. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर आफ्रिकेला गेले, लढायला नाही, खेचरं हाकायला. परत आले ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन. तिच्यात भाल्यांची पाती होती आणि त्यांच्या डोक्यात एक तळं होतं. पल्याडचा काठ दिसत नाही असं गोड्या पाण्याचं तळं. 'त्यात मी खेचरांना पाणी पाजलं,' असं ते मरेपर्यंत सांगत. पुढे कुणीतरी त्यांना भंडारदऱ्याचं धरण दाखवायला नेलं, तर म्हणाले, हे डबकं बरं आहे.

आजोबांचे थोरले भाऊ पुणतांब्याला शेती करत. त्यांच्या घरात ही गोष्ट कुणालाच पटली नाही. त्यांचं म्हणणं, हा गडी मुंबईच्या पुढं गेलाच नाही. गोदीत खेचरं बोटीवर चढवली, समुद्र बघून आला आणि पाती बाजारात विकत घेतली. बरं, खेचर समुद्राचं खारं पाणी कसं पिईल, हे विचारायची सोय नव्हती, कारण तोवर सगळे हसत असत. हळूहळू त्या घराण्यात म्हणच पडली. पोरानं परीक्षेचे मार्क वाढवून सांगितले की, 'पाजलं का खेचराला पाणी?' सुनेनं माहेरचं कौतुक जरा जास्त केलं की, 'पाजलं खेचराला पाणी.' माझा मित्र ही म्हण ऐकत लहानाचा मोठा झाला. लग्नातसुद्धा ऐकली. नवरीकडच्यांना अर्थ कळेना, तर त्यांना अर्थही समजावून सांगण्यात आला.

आता गेल्या वर्षी त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये एक काचेचं कपाट करायचं ठरलं. मंडळीतल्या जुन्या माणसांच्या वस्तू त्यात ठेवायच्या, खाली कार्ड लावायचं. कुणाची कंदिलाची काच, कुणाच्या सुईणपणाच्या कात्र्या. मित्राला वाटलं, आजोबांची पाती तिथं बसली आणि खाली 'आफ्रिका' असं लिहिलं गेलं, की विषय कायमचा मिटला. पण कपाटाचा कारभार होता पुणतांब्याच्या ताईंकडे. ताई म्हणजे त्या थोरल्या भावाची नात, बाप नेवाशाला राहायला आल्यामुळे इथंच वाढलेल्या. निवृत्त नर्स, पंचाहत्तरीच्या पुढं गेलेल्या, आणि अजून समोरच्याला बघितलं की इंजेक्शन कुठं द्यायचं ते ठरवल्यासारख्या बघणाऱ्या.

ताई म्हणाल्या, "पुराव्याबिगर काय बी ठिवनार न्हाई. उद्या कुणी येशूच्या चपला आनून ठिवल."

म्हणून मित्र तीन पाती जुन्या धोतरात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला.

"मास्तर, खरं सांगा, ही कुठली हायेत?"

मी ती उलटी करून बघितली. पात्याला उलटी बाजू नसते, तरी बघितली. पहिलं लांब आणि अरुंद. दुसरं पिंपळाच्या पानासारखं, पण जरा लांबट. दोन्ही काळीकुट्ट, दांडा बसवायच्या नळीत काहीबाही कोंबलेलं. तिसरं आखूड, जड, चौकोनी बुडाचं, आणि त्यावर हिरव्या रंगाचे पोपडे.

मी पुस्तक काढलं, चष्मा लावला, आणि निकाल दिला. पहिलं पातं झुलू लोकांचं, म्हणजे पार दक्षिणेचं. दुसरं सहारा वाळवंटातलं, म्हणजे पार उत्तरेचं. तिसऱ्याकडे मी जरा जास्त वेळ बघितलं. "हे साधं नाही," मी म्हणालो. "हा राजदंड असणार. कुणातरी टोळीप्रमुखाचा. हिरवा रंग बघ, वनस्पतीचा आहे. पाल्याचा रस काढून लावतात."

मित्रानं मनातल्या मनात नकाशा मांडला असावा. "एवढे फिरले आजोबा?"

"खेचर होतं ना बरोबर."

त्याला ते पटलेलं दिसलं नाही. म्हणाला, "तुमी नीट अभ्यास करा. राहू द्या तुमच्याकडंच." आणि पाती माझ्या घरी राहिली. तेव्हा नवरात्र सुरू होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पूजायची पद्धत आहे. आता मास्तराच्या घरात शस्त्रं कुठली? इतकी वर्षं आमची शस्त्रपूजा म्हणजे विळी, कोयता, खुरपं, अडकित्ता, बायकोचं शिवणयंत्र आणि माझी स्कूटर. देवीसमोर पाटावर अडकित्ता मांडून हात जोडताना मला दरवर्षी जरा ओशाळल्यासारखं होई. शत्रू आलाच, तर सुपारी कातरून द्यायची की काय? आणि यंदा घरात खरेखुरे भाले. बायको आदल्या दिवशी म्हणाली, "लोखंडाचं असेल ते सगळं काढून घासून ठेवा," आणि मी सगळंच काढलं.

गंजकं शस्त्र पाटावर मांडत नाहीत. हे कुणीही सांगेल. मी ट्रॅक्टरवाल्याकडून बाटलीभर डिझेल आणलं, पाती भिजत घातली, आधी तारेचा ब्रश मारला, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. काळा थर निघेना तसा मला चेव चढला. स्क्रू-ड्रायव्हर घालून नळ्या साफ केल्या. त्यातून कुजक्या लाकडाचा भुगा निघाला आणि एकीतून घट्ट कोंबलेली मळकी चिंधी निघाली. भुगा कढीपत्त्याच्या आळ्यात टाकला, खत म्हणून. चिंधी बायकोच्या पुढ्यात टाकली. राजदंडाचा हिरवा रंग सगळ्यात चिवट. हिरव्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली तांबडा. मी बायकोला बोलावून दाखवलं. "हे बघ, तीन पिढ्यांचे राजे."

"हात धुवा आधी," ती म्हणाली. "डिझेलचा वास मारतोय."

दुसऱ्या दिवशी तिन्ही पाती पाटावर झगमगत होती. खोबरेल तेलाचं बोट, हळदकुंकू, झेंडूची माळ. शेजारी स्कूटरची चावी. मी फोटोही काढून मित्राला पाठवणार होतो, पण म्हटलं, प्रत्यक्ष बघू दे.

दसऱ्याला संध्याकाळी तो आपट्याची पानं द्यायला आला. दरवर्षी येतो, नाताळाला आम्ही करंज्या खायला जातो, हा हिशोब आहे. कुंकवाकडे आणि झेंडूकडे बघून तो नुसता हसला. मग हसणं थांबलं.

"हे काय हाय?"

"तुझी पाती."

"माझी काळी हुती."

"गंज होता तो."

त्यानं लांब पातं उचललं आणि तोंडासमोर धरलं. "मास्तर," तो म्हणाला, "आजोबाला यात कधी तोंड दिसलं न्हवतं. मला दाढीचा खुंट न खुंट दिसतोय." आणि पाती तिथंच ठेवून चहा न घेता गेला. पुलापर्यंतचं फिरणं त्यानं आठवडाभर एकट्यानं केलं. मी मागून, जरा अंतर ठेवून, हे पण सांगतो.

आणि मग ताईंचा निरोप आला, की पाहणी करायला येतोय. ताईंच्या ओळखीतल्या एका बाईंची सून पुण्यात संग्रहालयात काम करते. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, तशाच एका लग्नाला ती नगरला आली होती. ताईंनी तिला मांडवातूनच उचललं. त्यामुळे आमच्या घरी तज्ज्ञ आली ती भरजरी साडीत, हातावर मेंदी आणि पर्समध्ये पेढ्यांच्या पुडीशेजारी भिंग. बरोबर ताई. मागून माझा मित्र, इस्त्रीचा शर्ट घालून. निकालाच्या दिवशी मुलं घालतात तसा.

तिनं पाती बघितली आणि विचारलं, "काका, ही कुणी घासली?"

मी म्हणालो, "अशी पूर्वीपासूनच जरा—"

आतून बायको म्हणाली, "यांनीच. नवमीच्या आदल्या दिवशी. माझी वाटी पण वापरली डिझेलला."

तज्ज्ञ मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं डॉक्टर रिपोर्ट वाचतात तशा आवाजात सांगितलं, की जुन्या लोखंडावरचा काळा थर म्हणजे नुसता गंज नसतो. भट्टीची काजळी, वर चोळलेलं तेल, धरणाऱ्या हातांचा घाम, सगळं त्यात असतं. कुठल्या भागातलं, कुणी वापरलेलं, याचा माग त्यावरून लागतो. "आता त्यातलं काही उरलं नाही," ती म्हणाली. "हे आता स्टीलच्या ताटासारखं झालंय."

मग तिनं तिसरं पातं उचललं. उचललं आणि लगेच ठेवलं.

"हे कंपाउंडचं आहे."

"कशाचं?" मी विचारलं.

"फाटकाचं. वरती टोकं असतात ना, त्यातलं एक. ओतीव आहे."

ताईंनी हात पुढं केला. "बघू. अगं बया, हे तर आपल्या चर्चच्या जुन्या फाटकाचं. यात माझा फ्रॉक अडकून फाटला हुता."

"पण यावर हिरवा रंग होता," मी म्हणालो. "वनस्पतीचा."

"ऑइल पेंट हुता. माज्याच बापानं मारलेला. त्याच्या आदी पांढरा हुता."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून घेतलं असतं. स्वतःवर हसायची मला सवय आहे, पोट त्यावरच वाढलंय. पण ताईंनी ते टोक पाटावर ठेवलं, माझ्या मित्राकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "पाजलं खेचराला पाणी."

तो खाली बघायला लागला. एक पातं फाटकाचं निघालं म्हटल्यावर उरलेल्या दोन्हींचीही पत गेली होती. आणि त्या टोकाला राजदंड करून मिरवलं होतं मी, आजोबांनी नाही. ते बिचारं ट्रंकेत कुणी टाकलं ते देवाला माहीत. आजोबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मला त्या क्षणी वाटलं, आपण दाढी काढून टाकावी.

मुलीनं मात्र बाकीची दोन पाती हातातून सोडली नव्हती. ती त्यावरून बोट फिरवत होती. "काका, चित्रकला शिकवायचात ना? मग हे बघा." तिनं पातं उजेडाकडे तिरकं धरलं. मधल्या शिरेच्या एका अंगाला पातं खोलगट होतं, दुसऱ्या अंगाला फुगीर. उलटं केलं, तर तिथंही तसंच, पण बाजू बदललेली. पंख्याच्या पात्याला असतो तसा हलका पीळ. "ही घडण आपल्याकडची नाही. आणि ही नळी बघा, पत्रा गुंडाळून केलीय, सांधा उघडाच ठेवलाय. दोन्ही पाती एकाच भागातली. झुलू नाहीत, सहाराची पण नाहीत. पूर्व आफ्रिका, किनारा सोडून बरंच आत. मोठ्या सरोवरांच्या बाजूची म्हणता येतील."

हे मी घासताना दिवसभर बोटांनी चाचपत होतो. माझ्या मते तो घासताना आलेला वाक होता.

"सरोवर म्हंजे?" मित्रानं विचारलं.

"तळं. खूप मोठं. काठ दिसत नाही असं."

मित्रानं ताईंकडे बघितलं. ताई हलल्या नाहीत. "पातं तिकडलं असंल," त्या म्हणाल्या. "मानूस तिकडं गेला हे कुठं कळतंय? बोटीवरनं मुंबईला आलं, यानं बाजारात घेतलं."

"असूही शकतं," मुलगी म्हणाली. खरं बोलणाऱ्या तज्ज्ञाचा हाच त्रास असतो. मग तिनं विचारलं, "नळीत काही अडकलेलं होतं का? लाकूड, दोरा, कातडं?"

"भुगा होता. कढीपत्त्याला घातला."

"आणखी?"

"एक चिंधी होती. पण ती..." मी आत बघितलं.

बायको दारात येऊन म्हणाली, "ती मी धुऊन वालाला बांधली. चांगली दणकट होती."

आम्ही सगळे परसात गेलो. भरजरी साडीचा घोळ एका हातानं उचलून तज्ज्ञ मुलगी वालाच्या मांडवाखाली शिरली. वेल तारेला जिथं बांधला होता तिथं ती चिंधी, वीतभर, दोन गाठी मारलेली. ती सोडवायला लागली तसा वेल खाली यायला लागला. बायको म्हणाली, "सावकाश, शेंगा धरल्यात," आणि वेल मला धरायला दिला. त्यामुळे पुढचं सगळं मी पानांतून ऐकलं.

धुतल्यामुळे चिंधीचा रंग उघडा पडला होता. खाकी, लोकरीची, एका कडेला पक्की विणलेली, दुसऱ्या कडेला फाडलेली. मुलीनं भिंग लावलं. "ही पट्टी लष्करातली वाटते. शिपाई पायाला गुडघ्यापर्यंत गुंडाळायचे ती. दांडा सैल झाला म्हणून कुणीतरी तुकडा फाडून नळीत कोंबलाय. बाजारातल्या दुकानदाराकडे—"

"द्या इकडं," ताई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा वर केला आणि चिंधी दोन बोटांत धरून चोळली, जखमेवरचं बँडेज कितपत ओलं आहे ते बघतात तशी. मला वेलातून एक मुंगळा चावत होता, तरी मी वेल सोडला नाही.

"थंडीचं धाकलं आजोबा हेच गुंडाळून बसायचे पायाला," ताई शेवटी म्हणाल्या. "फाटकं हुतं. आमी पोरं त्यांना हसायचो, की आजीच्या लुगड्याचा काठ फाडला म्हनून." आणि मग माझ्या मित्राला, त्याच्याकडे न बघता, "कपाटात मधल्या फळीवर जागा करते. वर उजेड न्हाई पडत."

मित्रानं खिशातून रुमाल काढला, चिंधी त्यात ठेवली आणि घडी घातली. वजनकाट्यावरची माणसं असंच करतात, निकाल कागदावर आला की काटा बघत नाहीत.

मुलीनं कार्डाचा मजकूर तिथंच लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिला. 'भाल्यांची पाती. पूर्व आफ्रिका, आतील भाग, बहुधा मोठ्या सरोवरांचा प्रदेश. पहिल्या महायुद्धात खेचर-पथकाबरोबर गेलेल्या शिपायाने आणलेली. सोबत लष्करी पट्टीचा तुकडा. नेमके गाव ठरवता येत नाही. अलीकडे घासल्यामुळे मूळ पृष्ठभाग नष्ट.'

मी सुचवलं, की शेवटचं वाक्य काढलं तरी चालेल, कार्ड आटोपशीर दिसेल. ताई म्हणाल्या, तेच मोठ्या अक्षरात येईल. मित्र म्हणाला, "राहू द्या हो मास्तर. तुमचं बी काहीतरी कपाटात जातंय."

नाताळाच्या आधी कपाट लागलं. करंज्या खायला गेलो तेव्हा मित्र मला हॉलमध्ये घेऊन गेला. पुणतांब्याची सगळी मंडळी आली होती. मधल्या फळीवर कापसावर दोन पाती आणि मधे ती पट्टी. एक लहान मुलगी कार्ड मोठ्यानं वाचत होती आणि 'सरोवरांचा' या शब्दाला अडखळत होती. मित्र तिला तो शब्द परत परत म्हणायला लावत होता, आणि मला नाही वाटत त्याला तिचा उच्चार सुधारायचा होता.

कपाट उघडंच होतं, अजून कुलूप बसायचं होतं. मला दिसलं, की लांब पात्याच्या टोकाला दमटपणानं एक तांबूस ठिपका धरलाय. अगदी बारीक. मी खिशातून रुमाल काढला आणि जरा पुढं वाकलो.

मागून ताईंचा आवाज आला. "मास्तर, बघायला कवाबी या. हात तेवढे मागं बांधून या."